दहापैकी सात

सोमवारी संध्याकाळी मी डोंबिवलीच्या फडके रोडवरून एका अनोळखी माणसाच्या बाथरूम स्लिपर घालून घरी आलो. स्लिपर निळ्या, माझ्या पायापेक्षा दोन नंबरांनी लहान, आणि उजव्या पायाचा पट्टा खालून सेफ्टी पिन लावून अडवलेला. मान डावीकडे वळत नव्हती, त्यामुळे डाव्या हाताला कोणकोण भेटलं ते मला माहीत नाही. उजवीकडून तिघं ओळखीचे आले. तिघांनीही आधी पायांकडे पाहिलं आणि मग "काय, बरंय ना?" असं विचारलं. दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून ज्या रस्त्यावर मिरवते, तिथे मी टाचा बाहेर लोंबत ठेवून चाललो होतो.

मान शनिवारी धरली. कशाने, यावर घरात तीन मतं आहेत. आईच्या मते पंख्याखाली झोपल्याने, बायकोच्या मते मोबाइलने, माझ्या मते ऑफिसातल्या खुर्चीने. त्या खुर्चीचा दट्ट्या गेलाय. सकाळी दहाला टेबलाच्या बरोबरीने बसलेला मी संध्याकाळी पाचला टेबलाखालून बोलत असतो. बाम झाला, मिठाची पुरचुंडी झाली, मुलाचा टेनिस बॉल पाठीत आणि भिंतीत धरून अस्वलासारखं अंग घासूनही झालं. शेवटी सोमवारी फिजिओथेरपीला गेलो.

तिथली डॉक्टर पंचविशीच्या आतबाहेरची, वजनाने फार तर ४५ किलो. "या काका," ती म्हणाली. मी ४३ वर्षांचा आहे. केस गेलेत, पण तो वेगळा विषय झाला.

भिंतीवर एक तक्ता होता. मान सरळ असेल तर डोक्याचा भार साधारण ५ किलो, आणि मोबाइल बघायला मान ६० अंशांत वाकवली की मानेवर येणारा भार २७ किलो. म्हणजे गॅसचा भरलेला सिलिंडर, दोन-तीन किलो इकडेतिकडे. आमच्या लोकलमधले सगळे प्रवासी मानेवर एकेक सिलिंडर घेऊन ठाण्यापर्यंत जातात आणि कुणी हूं की चूं करत नाही, असा एक विचार मनात येतो न येतो तोच डॉक्टरने दोन बोटं मानेवरून खाली फिरवत आणली आणि एका जागी थांबवली. ती जागा माझ्याच अंगात होती आणि इतक्या वर्षांत आमची ओळख झाली नव्हती.

"लेव्हेटर स्कॅप्युली," ती म्हणाली. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या पात्याच्या कोपऱ्याला चिकटणारा स्नायू. पातं वर उचलणं हे त्याचं काम, म्हणून लेव्हेटर. थोडक्यात लिफ्ट. आमच्या सोसायटीची लिफ्ट मार्चपासून बंद आहे, आता माझीही बंद पडली.

"गाठ आहे. म्हणजे खरी गाठ नसते, काका, स्नायूचे तंतू आवळून बसतात. पालथे झोपा."

पालथं झोपायचं त्या बेडला तोंडासाठी एक भोक असतं. दोन बेडच्या मध्ये हिरवा पडदा, आणि पडदा जमिनीपासून हातभर वर. म्हणजे भोकातून दिसतं ते एवढंच: आपल्या बेडखालची फरशी आणि शेजारच्या बेडखालचा थोडा प्रदेश. चपला मी बेडखालीच ठेवल्या होत्या. बाहेरचा स्टँड भरलेला होता, हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की नव्या कोल्हापुरी बाहेर ठेवण्याइतका माझा जगावर विश्वास नाही.

या चपलांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोल्हापूरला गेलो तेव्हा चप्पल लाईनीत दीड तास घासाघीस करून घेतलेली अस्सल कापशी जोडी, १८०० रुपये. नवी कापशी म्हणजे पायात लाकूड. पहिला आठवडा दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या होत्या. रोज रात्री टीव्हीसमोर बसून त्यांना तेल चोळत होतो. आधी कडेने, मग अंगठ्याच्या वाटोळ्यात, मग टाचेवर. बायको म्हणायची, या घरात नियमित मालिश कुणाला मिळत असेल तर ते त्या चपलांना. पंधरा दिवसांनी चामडं नरम आलं. चालताना करकर मात्र तशीच राहिली होती, खास, लांबून ओळखू येणारी.

तर मी भोकात तोंड घालून चपलांकडे बघत पडलो आणि मुलीने कोपर लावलं. ४५ किलोंपैकी ४५ किलो त्या कोपराच्या टोकावर आले.

"दहापैकी किती दुखतंय?"

मी सरळ माणूस. "नऊ," म्हणालो.

"चूक," पडद्यापलीकडून आवाज आला.

आवाज जाडा, सावकाश, पान खाऊन झाल्यानंतरचा असतो तसा. माणूस दिसत नव्हता. दिसत होत्या फक्त त्याच्या बेडखालच्या निळ्या स्लिपर.

"नऊ सांगायचं नसतं हो. नऊ म्हणालात की ती थांबते, वर गरम पाकीट ठेवते, आणि मग पहिल्यापासून सुरू करते. मघाचं सगळं सहन केलेलं फुकट. सात सांगायचं."

"पण मला नऊ दुखतंय."

"दुखतंय किती आणि सांगायचं किती, याचा काय संबंध?"

"मग आठ का नको?" हे मी का विचारलं, मला अजून कळलेलं नाही. पालथ्या माणसाची बुद्धीही पालथी पडत असावी.

"आठला म्हणते, थोडं सहन करा. सातला म्हणते, छान. तुम्हाला काय ऐकायचंय ते तुम्ही बघा. सहाला हत्यार बदलते, बोटावरून अंगठा, अंगठ्यावरून कोपर. आणि पाच तर चुकूनही म्हणू नका. पाच म्हणजे इथलं मिटलं, चला पुढची गाठ शोधू. मागच्या आठवड्यात मी पाच म्हणून बसलो. खांद्यासाठी आलो होतो, पोटरीपर्यंत गेली."

"काका, त्यांना खरं काय ते सांगू दे," डॉक्टर म्हणाली.

"हो," आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं.

"मी ३६ वर्षं जकात नाक्यावर होतो," आवाज पुढे म्हणाला. "ट्रकवाला कधी भरलेला माल खरा सांगतो? नाही सांगत. आणि आम्ही कधी खरा धरतो? तो चार म्हणणार, आम्ही दहा म्हणणार, सातावर मिटणार. दुनिया सातावर चालते साहेब. तुम्ही एकदम नऊ म्हणून टाकलंत, पुढे बोलायला जागाच ठेवली नाहीत."

"किती आता?" कोपर किंचित सरकलं.

"सात," मी म्हणालो.

"छान."

पलीकडून समाधानाचा हुंकार आला. माझं डोकं भोकात, पाठ उघडी, आणि एका न दिसणाऱ्या निवृत्त जकात कारकुनासमोर खोटं बोलून मी पास झालो होतो.

मग काका खुलले. काल एक बाई आल्या होत्या, तुमच्याहून बारीक, तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही मघाशी ओरडलात तेव्हा माझं करंटचं मशीन सुरू होतं, मला वाटलं त्याचंच काही झालं. इथे शास्त्र आहे, पण वेळ लागतो. उसण असती तर मी सांगितलं असतं, पायाळू माणूस बघा.

"आता पायाळू कुठे मिळतात?" मी बेडला विचारलं.

"नाहीच मिळत ना! सगळी सिझेरियनं. मूल उलटं आहे म्हटलं की पोट फाडून सरळ बाहेर. पायाळू निपजणार कुठून?"

हे मात्र मला पटलं. माझी आत्या पायाळू होती. जन्मताना आधी पाय बाहेर आले की माणूस पायाळू, आणि पायाळूची लाथ उसणीवर रामबाण, अशी गावाकडे पक्की समजूत. साताऱ्याकडे तिच्या सासरी चूल पेटायच्या आत दोन-चार कमरा दारात वाकून उभ्या असत. आत्या एका हाताने चौकट धरून पाय लावायची आणि तोंडाने शेजारणीशी वांग्यांच्या भावावर बोलत राहायची. पैसे नाहीत, नंबर लावणं नाही, दहापैकी किती वगैरे नाही. ज्या सासऱ्यांशी ती उभ्या जन्मात मान वर करून बोलली नाही, त्यांना वर्षातून दोनदा तिने रीतसर लाथ मारली आहे, आणि "बरं वाटलं गं पोरी" म्हणून त्यांनी वर आशीर्वाद दिला आहे. उसण जायची का? आपोआप तीन-चार दिवसांत जाणारी उसण तीन-चार दिवसांत जायची. पण लाथ फुकट होती. इथे एका कोपराचे पाचशे.

"काका, तुमचं झालं. सावकाश उठा."

मी उठायला लागलो. कोपराने मला परत खाली दाबलं. "तुम्ही नाही, ते काका."

पलीकडे बेड करकरला. हातभर पट्टीत दोन पावलं उतरली. टाचांना भेगा, नखं जाड. पावलं निळ्या स्लिपरांशी थांबली. मग, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ती पडद्याखालून माझ्या बाजूला सरकली, अंगठ्याने माझ्या चपलेची कड चाचपली, आणि आत शिरली. आधी उजवं पाऊल. मग जरा थांबून, जागा कशी आहे ते बघून, डावं.

"अहो!" मी ओरडलो.

"हो, सापडली," डॉक्टर आनंदाने म्हणाली. "हीच मुख्य गाठ." आणि तिने टाच उचलून उरलासुरला भार दिला.

"चप... चपला..."

"बोलू नका काका. श्वास सोडा."

श्वास सोडला तर शब्द निघत नव्हता आणि शब्द काढायला श्वास नव्हता. करकर, करकर, करकर. माझं पंधरा दिवसांचं तेल दाराकडे निघालं होतं.

"आता किती?"

"दहा!"

दारातून जाडा आवाज आला, "सात म्हणा हो, सात!" आणि करकर जिना उतरली.

रिसेप्शनवर तक्रार केली. तिथल्या मुलीने माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं: मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आमची नाही. मान वर होत नसल्याने तिनेच वाचून दाखवली. मग विचारलं, "चपला मौल्यवान होत्या का?" होत्या, म्हणालो. "मग पाटी लागू होते." आणि नसत्या तर? "मग एवढं काय त्यात, काका?" त्या काकांचा फोन नंबर देता येणार नाही, पेशंटची माहिती गुप्त असते. माझी गाठ कुठे आहे ते मात्र अख्ख्या हॉलने ऐकलं होतं. दहा सिटिंगचे पाच हजार आधीच भरलेले, परत मिळत नाहीत, हेही एका पाटीवर होतंच. निघताना तिने भरपूर पाणी प्यायला सांगितलं, दाबल्यावर अंगातली विषद्रव्यं मोकळी होतात म्हणून. विषद्रव्यं काढायचं काम किडन्या करतात बाई, आणि त्या कुणाच्या कोपरासाठी खोळंबून बसलेल्या नाहीत. पण हे मी जिन्यात म्हणालो, एकटाच.

रात्री झोप येईना. मोबाइलवर या गाठींचं वाचत बसलो, मान ६० अंशांत घालून. या गाठींचं इंग्रजी नाव ट्रिगर पॉइंट. तो शब्द ज्यांच्यामुळे गाजला त्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खासगी डॉक्टर होत्या. १९६१ साली त्या पदावर बसलेल्या पहिल्या बाई. केनेडींच्या पाठीसाठी त्यांनी डुलती खुर्ची सुचवली आणि ती खुर्ची जगभर गाजली. इकडे मी खुर्चीच्या दट्ट्यासाठी ऑफिसात तीन मेल पाठवले आहेत. तिसऱ्याला उत्तर आलं, त्यात बसण्याची योग्य पद्धत या विषयावरच्या व्याख्यानाचं आमंत्रण होतं. व्याख्यान त्याच खुर्च्यांवर. आमच्या मेडिक्लेमवाल्यांना विचारलं तर ते म्हणतात, आधी ऍडमिट व्हा. मान धरली म्हणून माणूस ऍडमिट होत नाही, आणि ऍडमिट झाला नाही म्हणजे त्याचं दुखत नाही. वर्षाला २२ हजारांचा हप्ता भरतोय मी. असो. असो कसलं, पण असो.

मंगळवारी खांदा अधिकच ठणकला, वर निळसर डाग. बुधवारी मात्र मान डावीकडे वळली. अर्धीच, पण वळली. हे मान्य करायला मला फार जड जातंय.

आज गुरुवार, दुसरं सिटिंग. निळ्या स्लिपर पिशवीत घालून नेल्या. हिरवा पडदा तसाच, पलीकडे कुणीतरी आधीच पालथं. भोकातून पाहिलं तर बेडखाली पांढरे स्पोर्ट शूज.

"काका," मी म्हणालो, "सोमवारी तुम्ही माझ्या चपला घालून गेलात."

"कोणत्या?"

"कोल्हापुरी. करकर वाजणाऱ्या."

"आता नाही वाजत फारशा." मग जरा वेळ नुसतं करंटचं मशीन ऐकू आलं. "म्हणजे हल्लीच्या कोल्हापुरी म्हणतोय मी. पूर्वीसारख्या नाही राहिल्या."

"काका, त्या माझ्या होत्या."

"खात्री किती आहे तुम्हाला? दहापैकी?"

तेवढ्यात कोपर आलं.

"सात," मी म्हणालो.

"छान," डॉक्टर म्हणाली.