जेवणाआधीची पाच मिनिटं

मॉन्ट्रियलमध्ये फेब्रुवारीत घराबाहेर पडायचं म्हणजे पंधरा मिनिटं नुसती कपडे चढवण्यात जातात. मी कां-कू करत होतो, पण मुलीने ओढून नेलं. ओंतारिओ रस्त्यावरचं लिओं दोर हे जुनं कॅबरे, म्हणजे गाण्याच्या मैफिलींचं सभागृह. कोट ठेवायला रांग, बुटांवरून ओघळणारं बर्फाचं पाणी, आणि मंचावर गिटार घेतलेली जेमतेम पंचविशीची पोरगी. दुसऱ्याच गाण्यात तिची तार तुटली. ती हसली, गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि उरलेली कडवी त्याच लाकडावर ठेका धरत म्हणून टाकली. सभागृहात चिडीचूप. हे गाणं तिथे कुणीही आधी ऐकलेलं नव्हतं.

ही फ्रांकूव्हेर्तची फेरी होती. फ्रांकूव्हेर्त म्हणजे फ्रेंचमध्ये स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या नवोदितांची स्पर्धा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे. आधी एकवीस जण, पुढच्या फेरीत त्यातले नऊ, अंतिम फेरीत तीन. परीक्षक असतात, पण प्रेक्षकांची मतंही धरली जातात. 2012 साली इथे जिंकलेल्या दोन बहिणी, ले सर बुले, पुढे क्वेबेकभर, म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात आहे त्या कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतभर, गाजल्या.

माझं फ्रेंच वर्गातलं. मास्तरणीने मोटारीला 'व्हॉआत्यूर' शिकवलेलं, मंचावरची पोरगी 'शार' म्हणते. पुण्यात पुस्तकी मराठी शिकून एखाद्याने थेट वऱ्हाडात उतरावं, तशी गत. शेजारी बसून लेक कानात भाषांतर करत होती. ती इथल्या फ्रेंच शाळेत जाते, कारण 1977च्या '101 नंबरच्या कायद्या'ने आमच्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलांना बहुतेक वेळा दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. म्हणजे मुंबईत 'इथे राहता तर मराठी शिका' म्हणणारा मी, इथे त्याच वाक्याच्या पलीकडच्या बाजूला बसलोय. सुरुवातीला बोचलं. आता नाही बोचत. फक्त 2024च्या शरदात पैशांअभावी सरकारी फ्रेंच वर्ग जागोजागी बंद पडले तेव्हा हसू आलं. शिका म्हणायचं आणि फळा काढून घ्यायचा, हे काही आपल्याकडेच होतं असं नाही.

घरच्या ग्रुपवर गेलं वर्षभर एकच विषय. 16 एप्रिल 2025चा पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय, 29 जूनला माघार, 5 जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर. भाऊ लिहितो, "कायद्याशिवाय कुणी ऐकत नाही. तुमच्या क्वेबेककडे बघा!" वहिनीचं उत्तर तयार, "सक्तीने भाषा जगते का?"

भावाचा मुद्दा खोटा नाही. इथल्या फ्रेंच रेडिओ स्टेशनांना आठवड्यात वाजणाऱ्या लोकप्रिय गाण्यांपैकी 65 टक्के फ्रेंच वाजवावी लागतात. सोमवार ते शुक्रवार दिवसा 55 टक्के. हा दट्ट्या नसता तर इंग्रजीच्या समुद्रात ही गाणी केव्हाच बुडाली असती. मुंबईतल्या एफएमवर मराठी गाणं लागावं म्हणून आंदोलनं करावी लागली, तेव्हा आपल्याकडे हा आकडा नव्हताच. पण आकडा आला की पळवाटही येते. काही स्टेशनांनी इंग्रजी गाण्यांचे तुकडे एकमेकांना जोडले आणि ती अख्खी माळ एकच गाणं म्हणून मोजली! दुसरं टोकही आहे. डेड ओबीज या रॅप गटाच्या ओळींत फ्रेंच शब्द 70 टक्क्यांपेक्षा कमी भरले म्हणून त्यांचं अनुदान गेलं. कवितेतले शब्द मोजायला बसलेला कारकून मला अगदी मंत्रालयातला वाटतो.

म्हणून मी भावाला लिहिलं, कायदा हवाच, पण कायद्याने गाणं वाजतं. ऐकायला माणूस उठून यावा लागतो. क्वेबेकची सगळी मिळून लोकसंख्या 90 लाखांच्या आसपास. 2011च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे आपण 8 कोटी 30 लाख. तरी उणे पंधरात अनोळखी पोरीचं अनोळखी गाणं ऐकायला पैसे मोजून येणारे इथे भेटतात. आपण तिकीट काढतो ते पन्नास वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी. भावगीतं, नाट्यगीतं, आठवणी सांगणारा निवेदक, मध्यंतरात बटाटेवडा. मला ते सगळं आवडतं, ही कबुली आधीच देऊन ठेवतो. पण त्या गाण्यांनाही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा ऐकलं होतं ना?

भावाने अंगठा पाठवला. वाद मिटला असं त्याला वाटलं असावं.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना, कारण आठवली आमच्या इथल्या मराठी मंडळाची दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. इथे शिकायला आलेली सांगलीकडची एक मुलगी स्वतःची गाणी लिहायची. तिने वेळ मागितला. कार्यकारिणीत मीही होतो. आम्ही तिला जेवणाआधीची पाच मिनिटं दिली. तोवर मागे श्रीखंडाचे डबे उघडले होते, ताटांचा खडखडाट चालू होता, आणि 'मीठ कुठंय?' असा प्रश्न तिच्या धृवपदावरून सरळ आरपार गेला. गाणं कशावर होतं विचाराल तर मला आठवत नाही. शीतगृहातल्या द्राक्षांबद्दल काहीतरी होतं. ती मंचावरून उतरली तेव्हा मी अगदी प्रेमाने म्हणालो, "छान हो! आता एखादं जुनं म्हण की."

तिने म्हटलं. सगळ्यांनी ताल धरला.

यंदाच्या बैठकीत मी तिच्यासाठी वीस मिनिटं मागितली. खजिनदारांनी विचारलं, "लोक थांबतील? जेवण गार होईल त्याचं काय?" शेवटी पंधरावर तडजोड झाली, तीही जेवणानंतर, म्हणजे निम्मे लोक गाडीकडे निघालेले असणार. तरी मी तिला फोन लावला. ती आता ओटावात नोकरी करते.

"किती गाणी झाली गं?"

"अकरा, काका."

"मग ये की दिवाळीला. पंधरा मिनिटं आहेत."

ती जरा थांबली. "सगळी माझीच चालतील? की शेवटी एक जुनं?"

"तुझीच," मी म्हणालो. आणि ताटं कुठल्या खोलीत मांडायची, ते विचारायला पुन्हा खजिनदारांना फोन लावला.