तिशियनच्या चित्रातील विवस्त्र स्त्री वासनेचे प्रतीक नाही

नात्यातल्या एका ज्येष्ठांनी माझ्या भाचीला इटालियन चित्रकार तिशियनचे ‘पवित्र आणि ऐहिक प्रेम’ हे चित्र पाठवले. सोबत सध्या सर्वत्र फिरणारा मजकूर होता : डावीकडची उंची वस्त्रांतली स्त्री म्हणजे पवित्र प्रेम, उजवीकडची विवस्त्र स्त्री म्हणजे वासना, मागचे ससे त्याचा पुरावा, आणि हे नाव देऊन चित्रकारानेच मुलींना मर्यादा शिकवली आहे. भाची चित्रकला शिकते. तिच्याच विषयातले असत्य तिला उपदेश म्हणून ऐकवले जावे, हे मला सहन होत नाही.

नाव चित्रकाराचे नाहीच. चित्र १५१४ च्या सुमाराचे, तिशियनचा मृत्यू १५७६ चा, आणि हे नाव आढळते ते रोमच्या बोर्गेझे संग्रहाच्या १६९३ च्या यादीत.

सर्वांत घातक मुद्दा वस्त्रांचा. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ मध्ये नेमके उलट दाखवून दिले : विवस्त्र स्त्री ही स्वर्गीय व्हीनस, म्हणजे प्रेमाची रोमन देवता, आणि वस्त्रालंकृत स्त्री ही पृथ्वीवरची. चेझारे रिपा यांच्या प्रतीककोशात शाश्वत सुख विवस्त्र असून तिच्या हाती ज्योत आहे, कारण नश्वर वस्तूंची तिला गरज नाही. क्षणिक सुख मात्र रत्नालंकारांनी नटलेले आहे. हा कोश चित्रानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी आला हे खरे, परंतु संकेत त्याहून जुना होता. तिशियनच्या आधीच्या पिढीतला चित्रकार बोत्तिचेल्ली याच्या ‘अपेलीसवरील बालंट’ या चित्रातले सत्यही विवस्त्र उभे राहून वर बोट दाखवते. तिशियनच्या विवस्त्र स्त्रीच्या उंचावलेल्या हातात ज्योतीचे पात्र आहे आणि तिच्या मागे चर्च दिसते. मजकूर लिहिणाऱ्याने एवढे तरी पाहायला हवे होते.

ससे दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. खालच्या दगडी हौदाच्या कोरीवकामात एका माणसाला फटके मारले जात आहेत आणि त्यातून वासनेला लगाम सुचवला असावा, इतके मी मान्य करते. पण त्या दगडावर दोघीही टेकल्या आहेत.

त्याच दगडावर व्हेनिसचे अधिकारी निक्कोलो आउरेल्यो यांचे कुलचिन्ह आहे. त्यांचा लाउरा बागारोत्तो यांच्याशी विवाह १५१४ मध्ये झाला आणि चित्र त्या निमित्ताचे मानले जाते. डावीकडची स्त्री वधूच्या वेशात आहे, दोघींचे चेहरे बहिणींसारखे आहेत, आणि मधला क्यूपिड, म्हणजे व्हीनसचा बालरूपातला मुलगा, हात घालून ढवळतो आहे ते पाणी दोघींमध्ये एकच आहे.