भाऊ, आवाज येऊन राहिला का?

एअरसॉफ्ट म्हणजे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक छऱ्यांची लुटुपुटूची लढाई. थंडीतल्या एखाद्या रविवारी नागपूरच्या काटोल रोडकडच्या शेतात ६० जण चट्टेपट्टेरी कपडे घालून एकमेकांवर नेम धरतात. बंदुका, गॉगल, सावजीचं जेवण ही खाती घ्यायला सगळे एका पायावर तयार. ‘वॉकीटॉकी कोण बघणार?’ म्हटलं, की प्रत्येकाला बुटाची नाडी बांधायची आठवण होते. ज्याच्या बुटाला नाडीच नसते, तो वायरलेसवाला होतो. मी चपला घालतो.

आधी सेट निवडायचे. ५ वॉटचे सेट बघून हात शिवशिवतात, शिवशिवू द्या. त्यांना परवाना लागतो. भारतात २०१८पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, पण ताकद अर्धा वॉट आणि सेट दूरसंचार खात्याची मान्यता असलेला. डब्यावर ‘५ किलोमीटर’ छापलेलं असतं. ते मधे काहीच नसताना. सागाच्या पानांत आणि चढउतारात काहीशे मीटर मिळाले तरी देव पावला म्हणायचं. त्यातही सेट कमरेला लटकवला, तर बोलणाऱ्याचं पोटच लहरी गिळतं, आणि आपल्याकडच्या पोटांचा घेर काय सांगावा! सेट खांद्याजवळ, अँटेना उभी. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवायचं. कामठीला खरी छावणी आहे. संत्र्याच्या बागेत वायरलेस घेऊन रांगणारी दुसरी फौज गावकऱ्यांनी का खपवून घ्यावी?

६० जणांना ६० सेट दिले, की कुणालाच काही ऐकू येत नाही. सहा-सहांच्या १० तुकड्या, प्रत्येक म्होरक्याला एक, दोन सेनापती, चार पंच, तळावर एक. झाले १७. वर तीन राखीव, कारण तीन नक्की बिघडतात. पंचांचं चॅनल वेगळं, आणि त्यावर ‘थांबवा, थांबवा, थांबवा’ खेरीज गप्पा नाहीत. पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने १६ चॅनल बसतात, पण शेजारशेजारचे वाटायचे नाहीत. १, ६, ११ असे सोडून सोडून द्यायचे, नाहीतर दोन सेट जवळ आले की शेजाऱ्याची खरखर आपल्या घरात.

इथे कुणीतरी शहाणा ‘प्रायव्हसी कोड’ काढतो. सगळे एकाच चॅनलवर, फक्त कोड वेगळा! हा कोड म्हणजे आवाजाखाली सोडलेला ६७ ते २५० हर्ट्झमधला एक सूर. तो सूर नसेल तर तुमचा सेट स्पीकर उघडत नाही, एवढंच. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा हा कारभार. समोरच्याने कोड बंद ठेवला तर तुमची सगळी खलबतं त्याच्या कानात. शिवाय तुम्हाला तो ऐकू येत नसला तरी चॅनल त्याने अडवलेलंच असतं. तुम्ही शांतता समजून बोलता आणि दोघांचंही भरीत होतं.

पण खरी गोची यंत्राची नाही, मराठीची आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पुढे येऊ नका’ म्हणताना ‘येऊ’पाशीच बोलायच्या बटनावरचा अंगठा सुटतो. पलीकडे पोचतं ‘पुढे येऊ’, आणि सहा जण निमूटपणे छऱ्यांच्या तोंडी जातात. म्हणून ‘नका’ या शब्दाला वायरलेसवर बंदी, ‘थांबा’ म्हणायचं. सुरुवातीलाही तेच. बटन दाबल्यावर सेट जागा व्हायला, सूर ओळखायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर गळतं. दाबा, ‘श्रीराम’ मनात म्हणा, मग बोला. ‘सहा’ आणि ‘दहा’ यांत तर सेटला फरकच कळत नाही, कारण ‘स’ची शीळ बरीचशी तीन हजार हर्ट्झच्या वर असते आणि तिथे सेटचे कान संपतात. त्यामुळे ‘दहा’ला ‘एक-शून्य’. एकोणसाठ, एकोणसत्तर यांच्या नादी लागूच नये.

नावांचंही तसंच. ‘भाऊ, ऐक ना बे’ म्हटलं की नऊ जण ‘बोल’ म्हणतात. तुकड्यांना संत्रा, तर्री, पोळा अशी एकमेकांत न मिसळणारी नावं द्यायची, आणि आधी ज्याला बोलवायचं त्याचं, मग आपलं: ‘तर्री, संत्रा बोलतोय.’ प्रत्यक्षात येतं ते ‘अबे, काय करून राहिले तुम्ही?’ आणि छरा लागलेला खेळाडू नियमाने मुका असतो, तरी ‘मी मेलो, पण तो विहिरीमागे लपून राहिला’ ही वार्ता स्वर्गातून येतेच.

हेडफोनच्या दोन पिनांचा प्लग अर्धवट बसला, की बोलायचं बटन दाबल्यासारखंच राहतं. मग एकाचा श्वास, खोकला आणि घरच्या भानगडी सगळी तुकडी ऐकते, आणि त्याला सांगणार कसं? पाठवणारा सेट ऐकत नाही. उपाय दोन: प्लग तळापर्यंत दाबून वर चिकटपट्टी, आणि सेटमध्ये ६० सेकंदांची बोलण्याची मर्यादा. आवाजाने आपोआप चालू होण्याची सोय बंदच ठेवावी. तिला चिवडा खाल्लेलाही हुकूम वाटतो. बॅटरीचे तास कंपनी मोजते ते ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, ९० टक्के गप्प बसणं, या हिशोबाने. नागपुरात ९० टक्के गप्प कोण बसतं? दुपारी जेवणाला सेट चार्जरवर चढतो, माणूस ताटावर.

संध्याकाळी सेटची मोजणी. नंबराच्या पट्ट्या बघून वहीत खूण करायची. १९ येतात. मग तळावरून सगळ्या चॅनलवर एकेकदा बटन दाबून शीळ घालायची आणि कुठली बॅग वाजते ते ऐकायचं. एकही वाजत नाही. विसाव्याने सकाळपासून आवाज शून्यावर ठेवलेला असतो, आणि ‘मला कोणी काही सांगितलंच नाही’ म्हणून तो आपल्याशीच भांडायला येतो.