रामशेठ, मुक्काम पोस्ट इजिप्त

मेलेल्या माणसांसाठी एवढं बांधकाम करून ठेवलं, पण जिवंत पर्यटकांना उभं राहायला धड सावली ठेवली नाही, ही माझी इजिप्तबद्दलची पहिली तक्रार. कर्नाकच्या देवळात १३४ खांब आहेत. मधले बारा तर एकवीस मीटर उंच, मान मागे टाकून टोपी पडेपर्यंत बघावं असे. छप्पर मात्र कधीच गेलंय. त्यामुळे आमचा गाईड एका खांबाच्या सावलीच्या पट्टीत उभा राहून बोलत होता, आम्ही सगळे त्या पट्टीत एकामागे एक रांग धरून उभे, आणि सूर्य सरकेल तशी रांगही सरकत होती.

गाईड हुशार होता, त्याबद्दल वाद नाही. पण चाळीस मिनिटांच्या थांब्यात पंचवीस मिनिटं तो बोलायचा आणि मग म्हणायचा, “नाऊ फ्री टाइम, माय फॅमिली!” या फ्री टाइममध्ये स्वच्छतागृह शोधायचं, फोटो काढायचे, फेरीवाल्यांना चुकवायचं आणि उरलेल्या वेळात प्राचीन संस्कृतीने भारावून जायचं. फेरीवाल्यांना तर आमचा देश लांबूनच कळायचा. “इंडिया? अमिताभ बच्चन!” अशी हाक यायची. हाकेला मान वळली की हातात दगडी मांजर आलंच.

कर्नाकच्या तलावाकाठी दगडी चौथऱ्यावर एक दगडाचाच भुंगा आहे. त्याला सात फेऱ्या मारल्या की भाग्य उजळतं, असं गाईडने सांगितलं आणि डावीकडून फिरायला सुरुवात करून दिली. आमच्यातल्या बायका प्रदक्षिणा म्हटल्यावर उलट्या कशा जातील? त्या उजवीकडून निघाल्या. समोरून एक युरोपियन तुकडी येत होती. चौथ्या फेरीला दोन्ही बाजूंचं भाग्य एकमेकांवर आदळलं.

पण या सहलीचा खरा यजमान दुसराच होता. इजिप्तचा प्राचीन राजा, दुसरा रामसेस. पाटणहून आलेल्या एका काकांना ते नाव काही केल्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा ‘रामशेठ’ केला आणि आमच्या अख्ख्या बसने तो स्वीकारला. रामशेठने सहासष्ट वर्षं राज्य केलं, शंभराच्या आसपास मुलं झाली, आणि दिसेल त्या दगडावर नाव घातलं. दगड कमी पडले तेव्हा आधीच्या राजांच्या पुतळ्यांवरची नावं खोडून स्वतःचं कोरलं. चौकातल्या जुन्या फ्लेक्सवर नवा फ्लेक्स चढवावा, तसंच अगदी. कादेशची लढाई म्हणे आताच्या तुर्कस्तानातल्या हिटाइट लोकांशी बरोबरीत सुटली होती. पण देवळादेवळांतल्या भिंतींवर बघाल तर हे एकटे रथात उभे राहून बाण मारतायत आणि शत्रू पटापट पडतायत. काका म्हणाले, “प्रसिद्धीप्रमुख चांगला मिळाला होता माणसाला.”

या रामशेठला भेटायला असवानहून अबू सिंबेलला जायचं असतं. वाळवंटातून तीनशेएक किलोमीटर. कार्यक्रमात ‘पहाटे प्रस्थान’ छापलेलं असतं, म्हणजे रात्री अडीचला दारावर टकटक. नवऱ्याने अंधारात चुकून माझी चप्पल घातली आणि ती अबू सिंबेलपर्यंत तशीच गेली. हॉटेलने दिलेल्या खोक्यात एक उकडलेलं अंडं, एक कोरडा पाव आणि चीजचा त्रिकोण होता. बसमध्ये दिवे बंद होते तरी थेपल्यांचे डबे उघडल्याचं वासावरून कळलं. तो वास ड्रायव्हरपर्यंत पोचला. त्याला दोन दिल्यावर गाडी जास्त मजेत चालायला लागली, असं मला वाटतं.

आणि मग समोर डोंगरात कोरलेलं त्याचं देऊळ आणि दाराशी ते चार पुतळे. वीस मीटर उंच, चारही रामशेठच. एकाचं अर्धं अंग भूकंपात कोसळून पायाशी पडलंय. झोप कुठल्या कुठे पळाली, हे मान्य करते. असवानच्या मोठ्या धरणात हे सगळं बुडणार होतं, तेव्हा १९६४ ते १९६८ मध्ये अख्खा डोंगर कापून, हजारावर तुकडे करून, पासष्ट मीटर वर नेऊन पुन्हा जोडला. सांधा शोधायला गेले, मिळाला नाही. गाईड अभिमानाने सांगत होता. काकांनी विचारलं, “आणि इथली गावं?” गाईड म्हणाला, नुबियन लोकांची गावं पाण्याखाली गेली, माणसं दुसरीकडे वसवली. कोयनेच्या पाण्यात काकांच्या आजोळचं गाव गेलंय. ते “हं” म्हणाले आणि बराच वेळ तलावाकडे बघत राहिले.

एका पुतळ्याच्या पायावर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाडोत्री सैनिकांनी नावं कोरून ठेवलीयत. म्हणजे ‘अमुक आला होता’ हा रोग फक्त आपल्या गडांवरचा नव्हे. मला उगाच बरं वाटलं.

राजांच्या खोऱ्यात एका तिकिटावर तीन थडगी बघता येतात. गाईडला आत बोलायची परवानगी नसते, म्हणून तो बाहेर उन्हात चित्रं दाखवून सगळं समजावतो आणि आत गेल्यावर त्यातलं एक अक्षर आठवत नाही. रंग मात्र असे, की रंगारी आत्ताच जेवायला गेला असावा. उतार, पायऱ्या, परत उतार, वर शेकडो माणसांच्या श्वासाने झालेला दमट उकाडा. तिसऱ्या थडग्यात माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. तुतनखामून या कोवळ्या वयात गेलेल्या राजासाठी तिकीट वेगळं. १९२२ च्या ४ नोव्हेंबरला त्याच्या थडग्याची पहिली पायरी सापडली, तोवर त्याच्या दारावर शेजारच्या थडग्याचा राडारोडा आणि मजुरांच्या झोपड्या होत्या. म्हणूनच तो चोरांपासून बराचसा वाचला. खोली एवढीशी. काचेच्या पेटीत पोरगा झोपलाय, कापडाबाहेर काळं पडलेलं तोंड आणि पावलं. एकोणीसच्या आतबाहेरचं वय. पलीकडच्या बाईंनी नकळत हात जोडले.

शेवटच्या संध्याकाळी मोटरबोटीने फिलीच्या बेटावर नेलं. तोवर सगळी देवळं डोक्यात एकमेकांत मिसळली होती. गाईडला परीक्षा घ्यायची हुक्की आली. “टेल मी, हे देऊळ कोणी बांधलं?” अख्खा गट एका सुरात ओरडला, “रामशेठ!”

गाईडने टोपी काढून डोकं धरलं. हे देऊळ इसिस देवीचं. बरंचसं टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांनी बांधलेलं, रामसेस जाऊन आठशेहून जास्त वर्षं झाल्यावर.

“म्हणजे एवढंच त्यांच्या हातून सुटलं,” काका म्हणाले.

तेवढ्यात एका खांबाआडून पहारेकऱ्याने काकांना खुणेनं बोलावलं. इकडेतिकडे बघून भिंतीवरच्या एका आकृतीवर बोट ठेवलं, कुजबुजला, “रामसेस! व्हेरी गुड, रामसेस!” आणि तळहात पुढे केला. काकांनी खिशातून पौंडांची नोट काढून त्या हातावर ठेवली आणि गाईडकडे असं काही बघितलं, की त्याने तोंड फिरवून बोटीची वेळ सांगायला सुरुवात केली.