बाजू बदलली, मग चिन्ह का नाही बदललं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया परखड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' या एका ओळीवर सगळे समीकरणं सोडवत आले, आणि 'दोन्ही बाजूंना तीच क्रिया करा' हा माझा आग्रह म्हणजे सोप्याचं अवघड करणं. पुरावा म्हणून तुम्ही ४ − ३क्ष = १९ हे दोन ओळींत सोडवून दाखवलंत: −३क्ष = १५, म्हणून क्ष = −५.

उत्तर बरोबर आहे. पण त्या दोन ओळी पुन्हा बघा. पहिल्या ओळीत ४ पलीकडे गेला आणि वजा झाला. दुसऱ्या ओळीत −३ पलीकडे गेला, छेदात बसला आणि वजाचा वजाच राहिला. बाजू तर त्यानंही बदलली! तुम्हाला हा प्रश्न पडत नाही, कारण हाताला सवय आहे. नियम शब्दशः पाळणारं मूल मात्र १५ ला ३ नं भागतं आणि क्ष = ५ लिहून मोकळं होतं. कुणी १५ + ३ करून १८ वर पोचतं. याला हलगर्जीपणा म्हणायचा? त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं.

४ हे बेरजेनं जोडलेलं पद आहे. ते घालवायला दोन्ही बाजूंतून ४ वजा करायचे. −३ हा क्षचा सहगुणक, गुणाकारानं जोडलेला, त्यामुळे भागायचं तेही −३ नंच. पक्षांतराचा, म्हणजे 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हा नियम पहिल्या कामापुरता आहे. ३क्ष = १५ मध्ये १५ ला −३ नं भागायचं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून तिथे हा घोटाळा दिसत नाही. सहगुणक ऋण झाला की दिसतो. माझा आग्रह तेवढ्या एका पायरीपुरता आहे. बाकी पक्षांतर खुशाल करा, मीही करते.

दुसरा आक्षेप: 'वजा गुणिले वजा अधिक हे ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच सांगून ठेवलंय, कारणं कशाला हवीत?' सांगितलंय खरं, पण कारण एवढंसं असताना लपवायचं कशाला? ७ − २(क्ष − ४) = १ हे घ्या. यातल्या −२(क्ष − ४) मध्ये क्षला ४ ही किंमत दिली तर कंस शून्य होतो, म्हणजे सगळा गुणाकार शून्य. त्यातला −२ × ४ हा भाग −८. मग उरलेला −२ × −४ हा +८ असल्याशिवाय बेरीज शून्य होणार कशी? हे एकदा पटलं की ७ − २क्ष + ८ = १, आणि क्ष = ७. इथे ८ च्या आधी वजा लिहिला की क्ष = −१ येतं, आणि ते दिसायलाही अगदी साळसूद दिसतं.

ताळ्यात वेळ जातो म्हणता. −१ घालून बघा: कंस −५, त्याला −२ नं गुणून १०, वर ७, म्हणजे १७. हवा होता १. यात किती वेळ गेला?