दुधातला मासा

आईला आणि सासऱ्यांना एकाच गाडीत घालून स्कॉटलंड दाखवायची कल्पना माझ्या बायकोची. श्रेय ज्याचं त्याला दिलेलं बरं. आई पक्की शाकाहारी, संकष्टी न चुकवणारी. सासरे मालवणचे, त्यांच्या मते भाजी ही माशाला आजार झाल्यावर खायची वस्तू. मधल्या सीटवर चिरंजीव, वय 10, आहार चिप्स. जूनमध्ये ही पंगत घेऊन आम्ही निघालो. म्हणायला स्थलदर्शन. प्रत्यक्षात दर चार तासांनी कोण काय खाणार यावर गोलमेज परिषद, आणि मधल्या सुट्टीत किल्ले.

एडिंबराचा किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे. रविवार आणि एक-दोन सण सोडले तर तिथे रोज दुपारी बरोबर एकला तोफ उडवतात. 1861 पासूनचा रिवाज, जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू झालेला. तोफ उडाली तसं पोरगं दचकलं, आई "अगं बाई" म्हणाली आणि सासरे शांतपणे उठले. "चला, जेवची येळ झाली." स्कॉटिश मुकुट, राजदंड, सगळं बघायचं राहिलं होतं. पण तोफेपुढे कोण बोलणार?

रॉयल माइलवरच्या एका हॉटेलात सासऱ्यांनी हॅगिस मागवलं. वाढणारा मुलगा सज्जन होता. आमचे चेहरे बघून त्याला राहवेना. यात मेंढीचं हृदय, यकृत आणि फुप्फुसं असतात, ओट्स, कांदा, चरबी आणि मिरी घालून शिजवतात, पूर्वी तर मेंढीच्याच जठरात भरून उकडायचे, हे सगळं त्याने दवाखान्यातली वाईट बातमी सांगावी तशा दबक्या आवाजात सांगितलं. बायकोने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. सासऱ्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ही तर वजडीच मां! मसालो कमी असा, पण चलात." मग दुसरी प्लेट मागवली. तो मुलगा इतका खूश झाला की त्याने बटाट्याचा गोळा फुकट वाढला.

या पदार्थावर स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1786 साली चक्क कविता केली आहे. त्याच्या जन्मदिवशी, 25 जानेवारीला, हॅगिस बॅगपाइपच्या सुरात वाजतगाजत टेबलावर आणतात, कविता म्हणतात आणि मग सुरी घालतात. हे कळल्यावर सासरे गंभीर झाले. "इतकी वर्सां वजडी खाल्लंव, पण एका माणसान तेच्यार कविता करूक नाय." हा खेद त्यांना पुढे इन्व्हर्नेसपर्यंत पुरला.

आईसाठी शाकाहारी हॅगिस मिळालं. डाळी, भाज्या, ओट्स. तिने दोन घास खाऊन "मीठ बरोबर आहे" म्हटलं. परक्या हातच्या जेवणाला तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं माझ्या माहितीत नाही.

म्हणजे हॅगिस, ज्याची सगळ्यांनी भीती घातली होती, ते सुखरूप पार पडलं. घात केला तो एका गरीब, पांढऱ्या सूपने. कलन स्किंक त्याचं नाव. कलन हे ईशान्य किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. मासे म्हटल्यावर सासऱ्यांनी यादीतलं पुढचं वाचलंच नाही. वाडगा आला. धुरी दिलेल्या हॅडकचे जाड पदर, बटाट्याच्या फोडी, कांदा, वर हिरवी पात, आणि हे सगळं ज्यात पोहत होतं ते दूध. सासऱ्यांनी चमचा बुडवला, उचलला, पुन्हा बुडवला. "माशात दूध? ह्यांका कोण सांगणारो नाय काय?"

"विरुद्ध आहार!" आई ज्या आनंदाने म्हणाली तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. व्याही-विहिणींचं एका मुद्द्यावर एकमत झालं होतं, आणि दोघं मिळून माझ्याकडे बघत होते, कारण वाडगा आता माझ्यापुढे सरकला होता. मी तो संपवला. सांगतो, अप्रतिम होता. धुराचा वास, बटाट्याने आलेला दाटपणा, बाहेर आडवा पाऊस, आणखी काय हवं? पण दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याच्या टेबलावर आई माझी बाही वर सारून कोपर तपासायला लागली. दूध आणि मासे एकत्र खाल्ले की अंगावर कोड उठतं, ही तिची ठाम समजूत. ग्लेनफिनन्‌च्या 21 कमानींच्या पुलावरून वाफेचं इंजिन धूर सोडत गेलं तेव्हा सगळे पुलाचे फोटो काढत होते आणि आई माझी मान बघत होती. तिथे मिज नावाच्या चिलटांनी मला यथेच्छ फोडून काढलं. अंगावर उठलेल्या त्या गांधींवरून पुन्हा नवी चर्चा सुरू झाली.

ग्लेन्कोची दरी मात्र सगळ्यांना गप्प करून गेली. 1692 च्या फेब्रुवारीत सैनिकांनी इथे मॅकडोनाल्डांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार झोडला आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. "खाल्ल्या मिठाला..." एवढंच आई म्हणाली.

लॉक नेसला, म्हणजे नेसी नावाचा पाण्यातला राक्षस दिसतो म्हणतात त्या तळ्याला, पोचलो आणि संकष्टी आली. टॅटीज, म्हणजे बटाटे, निर्विवाद. नीप्स हा सलगमचा भाऊबंद, त्यावर पुण्याच्या मावशीला फोन झाला. जमिनीखाली उगवतं म्हणून चालेल, असं मी म्हटलं. "मग मुळा का नाही चालत?" असं मावशीने विचारलं आणि वकिली संपली. क्रानाखान नावाच्या गोड पदार्थातली रासबेरी, मध आणि साय चालली असती, पण ओट्स आडवे आले. व्हिस्कीबद्दल कोणी विचारलंच नाही. शेवटी तारलं ते टॅबलेटने. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध, बस्स. दातात बसणारी ही वडी आईने आधी नैवेद्याला ठेवली.

प्रश्न चंद्राचा होता. तिकडे जूनमध्ये सूर्यच रात्री दहानंतर मावळतो, चतुर्थीचा चंद्र उगवतो मध्यरात्र उलटल्यावर. संध्याकाळी सहाला मावशीने व्हिडिओ कॉलवर कोथरूडच्या गच्चीवरचा चंद्र दाखवला. "मी उभी आहे तिथला हवा," म्हणून आईने तो नाकारला. मग आम्ही सगळे खिडकीशी ओळीने बसलो. समोर काळं पाणी, 230 मीटर खोल, वर गच्च ढग.

घरमालकीण झोपायला निघाली होती. इतक्या रात्री अख्खं कुटुंब लॉककडे टक लावून बसलेलं बघून तिला गहिवरून आलं. निराश होऊ नका, म्हणाली, 1933 पासून लोक असेच रात्र रात्र बसतात, दिसलं तर दिसतं.

चिरंजीवांनी भाषांतर करून सांगितलं. आईने ढगांवरची नजर न काढता विचारलं, "मग त्यांचा उपास सुटतो कधी?"