पायलटचं नाव घेण्याआधी पंप उघडून बघा

विमान धावपट्टीच्या अलीकडे आपटलं पण सगळे वाचले, अशी बातमी आली की तासाभरात आपल्या बेळगावकडच्या, सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निकाल लागलेला असतो: पायलट चुकला, इंधन संपलं, नाहीतर घातपात. तर्क लढवायला हरकत नाही. पण आधी कशाकशावर काट मारता येते ते बघा मंडळी. अशा अपघातात ते जमतंही, कारण माणसं सांगायला असतात, इंजिनं हाती लागतात आणि टाकीतलं इंधन तपासता येतं.

१७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोला उतरत होतं. ७२० फुटांवर उजव्या इंजिनाचा जोर कमी झाला, ७ सेकंदांनी डाव्याचा. विमान धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतात आपटलं. आत १५२ माणसं होती, एकही दगावलं नाही.

इंधन संपलं म्हणावं, तर साडेदहा टन शिल्लक होतं. थंडीनं गोठलं म्हणावं, तर ते उणे ५७ अंशांवर गोठणारं होतं आणि प्रवासात उणे ३४ च्या खाली गेलंच नाही. ब्रिटनच्या पंतप्रधानांचा ताफा तेव्हा विमानतळाजवळ होता, त्याच्या जॅमरनं इंजिनं बंद पाडली, ही अफवा तर फार चालली. पण उड्डाणाच्या नोंदी ठेवणारा रेकॉर्डर सांगत होता की विमानाच्या संगणकानं जास्त इंधन मागितलं, इंधनाची झडप पूर्ण उघडली, तरी जोर वाढला नाही. हुकूम पोचला, झडपेनं पाळला, इंधनच आलं नाही. जॅमर आणि सॉफ्टवेअर दोन्ही इथंच बाद.

पुढचा धागा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिक पंप खोलणाऱ्याला लगेच कळेल. सक्शन चोक झालं, म्हणजे पंपाकडे येणारी वाट तुंबली, की पंपात कॅव्हिटेशन होतं, म्हणजे बुडबुडे होऊन फुटतात, आणि आतल्या धातूवर बारीक खड्डे उठतात. या विमानाच्या दोन्ही इंजिनांच्या हाय प्रेशर पंपांत कॅव्हिटेशनच्या ताज्या खुणा होत्या. म्हणजे अडथळा पंपाच्या आधी, येणाऱ्या वाटेवर. पण वाटेत अडकलेलं काहीच सापडेना, कारण अडथळा बर्फाचा होता आणि तो केव्हाच वितळला होता.

विमानाच्या इंधनात थोडं पाणी असतंच, त्यात भेसळ शोधायचं कारण नाही. उणे ५ ते उणे २० अंशांच्या दरम्यान त्याचा बर्फ सर्वात चिकट असतो. लांबच्या थंड प्रवासात इंधनाचा प्रवाह कमी होता, तेव्हा तो पाइपांच्या आतल्या बाजूला साचत गेला. उतरताना इंजिनांनी एकदम जास्त इंधन ओढलं, साचलेला बर्फ सुटला आणि फ्युएल-ऑइल हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे इंजिनाच्या गरम ऑइलनं इंधन तापवणाऱ्या भागाच्या, तोंडाशी जाऊन बसला. या रोल्स-रॉइस इंजिनांच्या एक्स्चेंजरमध्ये हजाराहून जास्त बारीक नळ्या होत्या आणि त्यांची टोकं सुमारे ४ मिलिमीटर पुढे आलेली होती. बर्फाला धरायला तेवढं पुरलं. नंतर ती टोकं सपाट केली गेली.

फेब्रुवारी २०१० च्या, तपासाच्या अंतिम अहवालानं, खऱ्या भागांवर थंड इंधन आणि पाणी सोडून चाचण्या केल्यावरही, ‘संभाव्य कारणं’ असाच शब्द वापरला. आपल्या फॉरवर्डमध्ये तेवढीही शंका नसते.

नोव्हेंबर २००८ मध्ये डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या तशाच ७७७ चं एक इंजिन अमेरिकेवर उंचीवर असताना असंच मंदावलं. थ्रॉटल (जोर कमीजास्त करायचा दांडा) आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, आणल्यावर ते पूर्ववत झालं. जोर हवा असताना थ्रॉटल मागे घ्यायचा, हे ऐकायला उलटं वाटतं. पण प्रवाह कमी झाला की एक्स्चेंजरमधलं गरम ऑइल बर्फ वितळवतं. ७२० फुटांवर एवढा वेळ कुठला?

तिथं हीथ्रोच्या विमानाचे कॅप्टन पीटर बर्किल यांनी फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या, ३० वरून २५ वर घेतले. हवेची ओढ घटली आणि विमान सुमारे ५० मीटर पुढे जाऊन टेकलं. त्यामुळे धावपट्टीआधीचा अँटेना चुकला. तरीही ऐन वेळी ते गोठून बसले, अशी कुजबुज त्यांच्यामागे लागली. हे मला फार लागतं.

आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित असतो. तेवढं थांबा. मग इंधन किती उरलं होतं, संगणकानं काय मागितलं, झडप कुठं होती, एवढं आधी वाचा आणि खुशाल वाद घाला.